टाकीतला हुंदका

रविवारी सकाळचे नऊ वाजले नव्हते, तरी पुलाच्या वळणावर पाय ठेवायला जागा नव्हती. कठड्यावर माणसं, कठड्याखाली माणसं, उभ्या मालट्रकच्या टपावर सहा जण, आणि निम्म्या लोकांचे फोन आत्तापासूनच हवेत. सगळ्यांची नजर रस्त्याकडे. सव्वानऊला एक जुनी काळी मोटारसायकल येणार होती, वळणावर आपोआप बंद पडणार होती आणि तिच्या पेट्रोलच्या टाकीतून चार महिन्यांपूर्वी वारलेला माणूस हुंदका देणार होता.

गाडी आली. चालवत होते अण्णा, वारलेल्याचे वडील. मागे त्यांची सून बसली होती. ती पुलापलीकडच्या दवाखान्यात नर्स होती आणि सगळी वस्ती तिला सिस्टर म्हणायची. बरोबर वळणाच्या तोंडाशी गाडी अडखळली, तिने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. गर्दीतून 'आऽऽ' असा आवाज उठला.

"हटा! त्याला वारा लागू द्या!" करत धूरबाबा पुढे आला. अंगात पायघोळ राखाडी झगा, डोळ्यांत काजळ. सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरात तो माणसाचं पूर्वायुष्य वाचायचा, म्हणून हे नाव. काळा धूर म्हणजे पाप, निळा म्हणजे वासना, पांढरा म्हणजे सुटका जवळ आली. ज्यांच्या गाडीतून धूरच निघत नाही त्यांनी काय करायचं, हे कोणी विचारलं नव्हतं. तशी माणसं त्याच्याकडे येत नसावीत.

"पेट्रोल म्हणजे काय?" बाबाने गर्दीला विचारलं. "पेट्रोल म्हणजे जमिनीखाली दबलेले कोट्यवधी जीव! लाखो वर्षं दबलेले! तेवढ्यांत आणखी एक जीव मिसळायला कितीसा वेळ लागतो? अण्णा, टाकी भरलीय ना?"

"गळ्यापर्यंत भरलीय, बाबा."

"झाकणाला दुसऱ्या कोणाचा हात?"

"नाही. फक्त माझा."

"मग हाक मार लेकराला."

अण्णांनी झाकणात किल्ली घातली, फिरवली. हुस्सऽऽऽ. लांब, कापरा, आत ओढला जाणारा श्वास. लहान मूल रडून रडून थकलं की शेवटी घेतं तसा. पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. अण्णांनी टाकीवर गाल टेकला आणि म्हणाले, "आलो रे बाळा, आलो मी." मग झाकण लावून किक मारली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

सिस्टरच्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोला? दवाखान्यात तेरा वर्षं काढलेली बाई, मेलेलं माणूस हुंदका देत नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण नवरा तिचा होता. त्या दोन क्षणांपुरतं तिलाही वाटलं, असेल. असू दे.

तेवढ्यात बाबा तिच्याकडे वळला. "नऊ रविवार झाले. हा का सुटत नाही? मी धुरात पाहिलंय. त्या दिवशी त्याला या रस्त्याला बोलावलं कोणी?"

दोनशे माणसांनी तिच्याकडे पाहिलं. बोलावलं तिनेच होतं. शेवटची बस चुकली होती, तिने घरी फोन केला होता, 'न्यायला येता का?' एवढं एकच वाक्य. तो निघाला, या वळणावर गाडी घसरली आणि संपलं.

"पुढच्या रविवारपर्यंत ही बाई त्या घरातून गेली पाहिजे," बाबा म्हणाला. "नाहीतर हुंदका बंद होईल. पोरगा कायमचा मुका होईल. मग माझ्याकडे येऊ नका."

ती अण्णांकडे बघत राहिली. अण्णा हँडलकडे बघत होते.

अण्णा पॉलिशवाले होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची कपाटं, टेबलं, पाळणे चकचकीत करून दिले. त्यांचा हात फिरला की लाकूड कुठे जोडलंय ते सुताराला स्वतःलाही सापडायचं नाही. मुलगा गेल्यावर त्यांनी काम सोडलं आणि उरलेला सगळा हात त्याच्या मोटारसायकलवर फिरवायला सुरुवात केली. रोज सकाळी मागच्या खोलीत मेणाचा डबा, सुती फडकं आणि ती गाडी. टाकी इतकी चमकायची की तिच्यात बघून भांग पाडावा.

मग ते सिस्टरला कामावर सोडायला निघायचे आणि गाडी वाटेत बंद पडायची. सुरुवातीला कधी पुलाच्या अलीकडे, कधी पलीकडे. एकदा नेमकी वळणावर बंद पडली, आणि तिथेच पालासारखं काही बांधून राहिलेला धूरबाबा मदतीला धावला. पेट्रोल आहे का बघायला झाकण त्यानेच उघडलं. त्यानंतर त्याने अण्णांना तीन गोष्टी सांगितल्या. टाकी कायम भरलेली ठेवायची, कारण लेकराला तहान लागते. झाकणाला परका हात लावायचा नाही. आणि गाडी मिस्त्रीकडे न्यायची नाही, कारण मिस्त्री पान्याने आत्म्याला दुखवतो. तेव्हापासून गाडी घड्याळ लावल्यासारखी वळणावरच थांबायला लागली.

परत येताना ती लाकडाच्या वखारीपाशीही बंद पडायची. तिथे कोणी मेलं नव्हतं. पण अण्णांना त्याचाही अर्थ लागला. "लहान असताना माझ्याबरोबर इथे यायचा तो," ते म्हणायचे. "फळ्यांवर उड्या मारायचा." दुःखातल्या माणसाला अर्थ शोधावा लागत नाही, कुठलाही चालतो.

त्या रविवारी घरी आल्यावर अण्णा बराच वेळ फडकं नुसतंच हातात धरून बसले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "चार दिवस माहेरी जाऊन येतेस का?"

"माहेरी आहे कोण, अण्णा? आई गेली तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, आता हेच तुझं माहेर?"

"म्हणालो होतो."

"मग चार दिवसांनी परत येऊ का?"

अण्णांनी फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. तिने स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं आणि नळ सोडून रडली. तिला राग बाबाचा आला नाही. मनातून तिलाही तेच वाटत होतं जे तो बोलला होता. फोन केला नसता तर तो आज इथे असता. चार महिने ती हे स्वतःला सांगत होती, आता गर्दीला कळलं एवढंच. तिने बॅग भरायला घेतली.

बुधवारी दुपारी वॉर्डात नवी आलेली नर्स धावत आली. "सिस्टर, सात नंबरचं सलाईन थांबलंय. सुई बरोबर आहे, नळीही कुठे मुडपलेली नाही. सगळं तपासलं. बाटलीसुद्धा भरलेली आहे."

सिस्टर गेली. वर पाहिलं. काचेची बाटली, आणि हवेची सुई लावायची राहिलेली.

"खालचंच सगळं तपासलंस," ती म्हणाली. "वरचं कोण बघणार? बाटलीतून पाणी खाली जायचं तर त्याच्या जागी वर हवा यायला नको? हवा नाही मिळाली की बाटली आतून ओढून धरते. थेंब सुटत नाही."

तिने बुचात सुई खुपसली. सूं करून हवा आत शिरली, बुडबुडे वर गेले आणि नळीत थेंब पडायला लागले. नवी नर्स हसली. सिस्टर हसली नाही. ती बाटलीकडे बघत तशीच उभी राहिली. हा आवाज तिने रविवारी ऐकला होता.

संध्याकाळी ती गॅरेजमध्ये गेली. मिस्त्री तिच्या नवऱ्याचा जुना मित्र. तोंडाचा फटकळ, पण अपघातानंतर गाडीचं वाकलेलं हँडल सरळ करताना तो हुमसून रडला होता, हे तिला माहीत होतं.

"वहिनी, ती गाडी मी बाबाच्या आधी पाच वेळा उघडली," तो म्हणाला. "कार्बोरेटर खोलला, दोन्ही जेट फुंकले, फ्लोट बघितला, पेट्रोलच्या कॉकची जाळी धुतली, प्लग बदलला. इथे ती तासन्‌तास चालते. बंद पडतच नाही, तर रोग कळणार कसा?"

"इथे चालवताना टाकीचं झाकण कुठे असतं?"

"झाकण? ते काढूनच ठेवतो मी, आत बघायला लाग..." त्याने कपाळावर काळाकुट्ट हात मारून घेतला. "आयला. झाकणाचं भोक."

"भोक असतं?"

"बारीक असतं, टाचणीएवढं. पेट्रोल खाली उतरलं की तेवढी हवा वरून आत यायला. हे पहिल्या दिवशी शिकवतात, वहिनी! पण मी झाकण बघितलं होतं. त्याला भोकच नव्हतं. मला वाटलं, त्यानेच जिवंतपणी कुठून तरी बदलून आणलं असेल, काही झाकणांना हवेची वाट काठाने असते."

गुरुवारी अण्णा डोळे तपासायला गेले तेव्हा मिस्त्री घरी आला. झाकण उजेडात धरून त्याने अंगठ्याचं नख फिरवलं. कुठे खळगा नाही, ओरखडा नाही. मग सिस्टरने आपल्या पिशवीतली बारीक सुई काढून मिस्त्रीने दाखवलेल्या जागी, किल्लीच्या खाचेशेजारी टोचली. सुई आत गेली. बाहेर आला पिवळसर मेणाचा एक कण.

पॉलिशवाल्याचा पहिला नियम त्या घरात सगळ्यांना पाठ होता: पॉलिश करण्याआधी भोकं बुजवायची. किड्याची, खिळ्याची, दिसेल ते भोक मेणाने भरायचं आणि वरून असा हात फिरवायचा की ते कधी होतं हेच कळू नये. चाळीस वर्षांची सवय. अण्णांच्या बोटांनी ते काम डोक्याला न विचारता केलं होतं.

"मोकळं करून टाकू," मिस्त्री म्हणाला. "उद्यापासून बंद पडणार नाही. विषय संपला."

"नाही संपत. बाबा म्हणेल, बघा, ही निघायची तयारी करायला लागली आणि पोरगा सुटला. किंवा म्हणेल, हिने त्याला मुका केला."

"मग अण्णांना सांगा."

तिने अण्णांच्या डब्यातलं मेण लावून भोक होतं तसं बुजवलं आणि तो मेणाचा कण तळहातावर घेतला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमचा मुलगा त्या टाकीत नाही? की तुम्ही गाल टेकून ज्याच्याशी बोललात ती नुसती हवा होती, आणि तिला कोंडलंत ते तुम्हीच? तिला वाटलं, बॅग उचलावी आणि जावं. म्हाताऱ्याला त्याचा हुंदका तरी राहील. एक रात्र तिने तसंच ठरवलंही होतं. पण सकाळी पाहिलं तर अण्णा टाकीला विचारत होते, "ती गेल्यावर बोलशील ना रे?" आणि उत्तराची वाट बघत उभे होते. तेव्हा तिला कळलं, हे औषध नाही. हे दुखणं आहे, आणि ते वाढतंय.

रविवारी गर्दी दुपटीहून जास्त होती. सून घर सोडणार की नाही, हाही खेळ आता फुकट बघायला मिळणार होता. अण्णा सिस्टरला घेऊन आले. त्यांची गाडी वळणावर थांबली आणि बाबा झगा सावरत पुढे झाला, तोच मागून फटफट करत मिस्त्रीची लाल मोटारसायकल आली. गर्दीसमोर आल्यावर तिने दोन आचके दिले आणि तीही बंद पडली.

"बाबाऽ!" मिस्त्रीने गळा काढला. "माझ्याही गाडीत कोणी तरी शिरलं! टाकी गळ्यापर्यंत भरलीय हो! बघा ना, कोण आहे?"

बाबा क्षणभर चपापला. पण पाचशे माणसं बघत होती, आणि दुकानात आपणहून आलेलं गिऱ्हाईक कोण परत पाठवतो? त्याने सायलेन्सरजवळ वाकून हुंगल्यासारखं केलं. "बाई आहे. तुझ्या घरातली. अतृप्त गेलेली."

"घरातली? माझ्या घरात गेल्या वीस वर्षांत कोणी मेलं नाही हो, बाबा."

"सासुरवाडीची असेल. सासू!"

"सासू?" मिस्त्री वळला. "सासूबाई, जरा पुढे या."

गर्दीतून एक ठणठणीत बाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "कोण मेलं रे?" तिने बाबाला विचारलं. लोक खो खो हसले. मिस्त्रीने झाकणाची किल्ली फिरवली. हुस्सऽऽऽ. तोच श्वास. तसाच लांब, तसाच कापरा. हसू जागच्या जागी थांबलं.

मिस्त्रीने झाकण उंच धरलं आणि नखाने त्यातला साबणाचा गोळा उकरून काढला. "हा काल रात्री मी भरला. इथून हवा आत जाते. भोक बंद, हवा बंद. हवा बंद, पेट्रोल बंद. टाकी जितकी भरलेली तितकी वर हवा कमी, म्हणून तितकी लवकर बंद. झाकण उघडलं की बाहेरची हवा घुसते, तोच आवाज. आता या मोकळ्या भोकासकट अण्णांच्या घरापर्यंत सात किलोमीटर जाऊन येतो. कोणाला मागे बसायचंय?"

दोघांना नेलं, आणलं. गाडी थांबली नाही. मग भोकात पुन्हा साबण भरला, पुन्हा निघाला. यावेळी तिघांनी गाडी ढकलत आणली आणि झाकण गर्दीतल्या एका म्हाताऱ्याला उघडायला दिलं. त्याच्याही हातून टाकीने हुंदका दिला.

"टाकी भरून ठेवायला कोणी सांगितलं होतं?" सिस्टरने विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मिस्त्रीकडे नेऊ नका, झाकणाला हात लावू देऊ नका, हे कोणी सांगितलं? ज्याला भोकाचं माहीत नाही, त्याला हे सुचेल का?"

"मी ओळखतो याला," ट्रकच्या टपावरून कोणी तरी ओरडलं. "हा आधी पेट्रोलपंपावर नळी धरायचा!"

धूरबाबा 'नास्तिकांनो' वगैरे म्हणाला, पण मागे सरकता सरकता म्हणाला. गर्दीने त्याला मारलं नाही, कारण सिस्टर मध्ये उभी राहिली. त्याच्या पालाचे बांबू मात्र त्या दुपारीच कोणी तरी उपटले.

हे सगळं चाललं असताना अण्णा आपल्या गाडीपाशी होते. त्यांनी स्वतःचं झाकण काढलं, डोळ्यांजवळ नेलं, अंगठा फिरवला. मग नाकाशी धरून वास घेतला.

"हे माझं मेण आहे," ते म्हणाले.

"अण्णा..."

"म्हणजे तो नव्हताच?"

सिस्टरला खोटं बोलता आलं असतं. "नाही, अण्णा. तो नव्हता."

"त्याला दुसऱ्यांदा मारलंस तू," अण्णा म्हणाले, आणि गाडी तिथेच टाकून पायी घरी निघाले. सात किलोमीटर. ती त्यांच्या मागे वीस पावलं ठेवून चालत राहिली. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

चार दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. मेणाचा डबा बंद राहिला. भरलेली बॅग दाराशी होती. ती उचलायचा धीर तिला होईना आणि सोडायचाही होईना. पाचव्या दिवशी ती कामावर निघाली तेव्हा अण्णा म्हणाले, "बस जरा."

ती बसली.

"तुझा फोन आला तेव्हा तो जेवत होता. पहिलाच घास. म्हणाला, जेवतो आणि निघतो." अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते. "मी म्हटलं, आधी जा. पोरगी एकटी उभी असेल. ताटावरून उठवला मी त्याला. बाबाने सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं आणि मी गप्प बसलो. तू बोलावलंस, पण हाकललं मी. तो हुंदका ऐकला की वाटायचं, माझ्यावर रागावला नाहीये तो. म्हणून मला हवा होता तो हुंदका. म्हणून तुला घालवायला निघालो होतो."

चार महिन्यांत ते पहिल्यांदाच रडले, तोंड उघडं टाकून, मोठ्याने. तिने त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि तीही रडली.

"त्याला आमच्याच दवाखान्यात आणलं तेव्हा मी दाराशी त्याचीच वाट बघत होते," शेवटी ती म्हणाली. "त्याचे हात मीच धुतले. दोन्ही तळव्यांत वाळू रुतली होती, अण्णा. ओंजळभर निघाली. मी कोणाला सांगितलं नाही, सांगून काय होणार होतं? पण फोनने नाही झालं आणि ताटावरून उठवल्यानेही नाही. त्या वळणावर डंपरमधून वाळू सांडते, ताडपत्री न टाकता नेतात ते. ओल्या वाळूवर चाक गेलं. एवढंच झालं."

अण्णा सरळ होऊन बसले. "वाळू अजून आहे तिथे?"

"आहे. दहा रविवार आपण सगळे तिच्यावरच उभे होतो."

हे वाचणाऱ्याने एवढं एकच ध्यानात घ्यावं. पाचशे माणसं होती. त्यांनी धूर वाचला, हुंदका ऐकला, एका बाईला दोष दिला, आणि ज्याने माणूस मारला ते पायाखाली होतं. खाली कोणी पाहिलं नाही. खोटं कारण नुसतं फसवत नाही, खरं कारण जागेवर राहू देतं, आणि ते पुढच्या माणसाची वाट बघत पडून राहतं.

पुढच्या रविवारी वळणावर गर्दी नव्हती. अण्णा, सिस्टर, मिस्त्री आणि त्याची सासू असे चौघे होते, खराटे आणि घमेली घेऊन. रस्त्याच्या कचेरीत द्यायचा अर्ज सिस्टरच्या पिशवीत होता, त्यावर एकशेवीस सह्या झाल्या होत्या. ऊन चढलं तसं एक तरुण जोडपं मोटारसायकलवरून आलं. पोराने गाडी हळू केली, इकडेतिकडे पाहिलं आणि अण्णांना विचारलं, "आजोबा, इथे काही तरी चमत्कार होतो म्हणे?"

अण्णांनी खराटा थांबवला. मागे बसलेल्या मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"नाही रे बाबा," ते म्हणाले. "इथे वाळू आहे. हळू जा."